पुन्हा पहिल्या पायरीवर

१९३६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘लुकिंग बॅक’ हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. पुस्तकाच्या नावाचाच अर्थ मागे वळून पाहणे. या वयात माणूस हिशेब मांडतो, मागे पाहतो आणि जमले तर समाधानाने वही मिटतो, अशीच आपली समजूत असते. पण त्याच वर्षी अण्णासाहेबांनी एक नवी संस्था काढली. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे प्राथमिक शाळा सुरू करण्यासाठी काढलेली ही महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळी. विद्यापीठ स्थापन केलेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गापाशी येऊन उभा राहिला होता. त्यानंतर ते आणखी २६ वर्षे जगले.

अण्णासाहेबांचे चरित्र शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असते ते विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांच्यासाठी. वैद्यकाच्या आणि मानसशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर त्यात आणखी एक गोष्ट सापडते. माणसाच्या मनाची वाढ कुठे थांबते, की थांबतच नाही, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात आहे.

वाढ म्हणजे बालपण आणि पौगंडावस्था, असे दीर्घकाळ मानले जात होते. पंचविशीत माणूस तयार होतो, पुढे काही वर्षे तसाच राहतो आणि मग उतरणीला लागतो, असे ते चित्र होते. १९५० मध्ये एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने ते बदलले. आयुष्याचे आठ टप्पे मांडताना त्याने त्यातले शेवटचे दोन मध्यमवयाला आणि वार्धक्याला दिले. मध्यमवयातला पेच असा : पुढच्या पिढीसाठी काही जोपासायचे, की स्वतःभोवतीच साचून राहायचे? वार्धक्यातला पेच असा : जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारायचे, की राहून गेलेल्याची खंत करत बसायचे? हे पेच आपोआप सुटत नाहीत. प्रत्येकाला ते आपल्या परीने सोडवावे लागतात.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी. घर दापोलीजवळच्या मुरूडचे, परिस्थिती बेताची. सतरा-अठराव्या वर्षी एका परीक्षेसाठी ते भर पावसात शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले आणि फार लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. स्वभाव लाजाळू, चारचौघांत बोलण्याचा संकोच. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते १८८४ मध्ये बी.ए. झाले. शाळांतून शिकवले, शिकवण्या केल्या. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते, पदरी एक मुलगा होता.

इथे एखादा माणूस स्थिरावला असता. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. मार्च १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्या माणसांनाही बसली. ज्या गावासाठी अण्णासाहेबांनी आधीच ‘मुरूड फंड’ सुरू केला होता, तेच गाव दुरावले. एरवी असा घाव बसला की माणूस आपल्यापुरते पाहू लागतो. अण्णासाहेबांच्या कामाचा परीघ मात्र याच काळात वाढला. १८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शहरात प्लेगने धुमाकूळ घातल्यावर १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला हलला, तेव्हा दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग चिखल तुडवत, चालत हिंगणे गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. वय बेचाळीस. चारचौघांत बोलायला संकोचणारा हा माणूस गावोगाव फिरून, दारोदार जाऊन आश्रमासाठी पैसे मागत होता.

स्वभाव तिशीत पक्का होतो आणि पुढे बदलत नाही, असे मानसशास्त्रातही एकेकाळी मानले जाई. तीच ती माणसे अनेक वर्षे तपासत राहणाऱ्या अभ्यासांनी हे मत बरेच सैल केले. सरासरीने पाहता मध्यमवयात माणसे अधिक जबाबदार होतात, भावनांचे चढउतार कमी होतात. स्वभावाचा मूळ पोत राहतो. पण एखादे काम मनापासून अंगावर घेतले, की त्या कामापुरते वागणे बदलते आणि हळूहळू ते अंगवळणी पडते.

१९१४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, अण्णासाहेब फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. आजच्या निवृत्तीच्या वयाच्या जवळपासच. पेन्शन तुटपुंजी होती. आश्रम आणि त्याच्या जोडीची महिला विद्यालयासारखी कामे सहकारी सांभाळू लागले होते. याच सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि जून १९१६ मध्ये ते सुरूही केले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. कायद्याची मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. तेव्हा अण्णासाहेब ९३ वर्षांचे होते. पाच मुलींपासून त्या मान्यतेपर्यंत ३५ वर्षे गेली आणि ती जवळजवळ सगळी त्यांच्या निवृत्तीनंतरची.

निवृत्तीनंतर मेंदूची धार कमी होते, मग नवे काम कसे जमणार, असे अनेकांना वाटते. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल याने बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. पहिली प्रवाही बुद्धी. अनोळखी कोडे झटपट सोडवणे, वेगाने विचार करणे ही तिची कामे. ती तरुणपणानंतर हळूहळू उतरते. दुसरी संचित बुद्धी. शब्दसंपत्ती, अनुभव, माणसांची पारख, कुठे थांबायचे याची जाण या गोष्टी तिच्यात येतात. ती साठीपर्यंत वाढत राहू शकते आणि त्यानंतरही बराच काळ टिकते. गणितातले नवे कोडे विशीतला विद्यार्थी कदाचित अण्णासाहेबांपेक्षा लवकर सोडवू शकला असता. पण देणगी कोणाकडे मागावी, विरोध किती मनावर घ्यावा आणि पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठ सुरू करण्याचे धाडस करावे की नाही, हे ठरवायला वीस वर्षे चालवलेला आश्रम पाठीशी असावा लागतो.

१९२९ मध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले. वाटेतच त्यांना ७१ वे वर्ष पूर्ण झाले. युरोपातल्या शिक्षणपरिषदांना हजेरी लावून, अमेरिका पाहून, जपानच्या महिला विद्यापीठाला भेट देऊन ते १९३० मध्ये परतले. बर्लिनमध्ये त्यांनी आइन्स्टाइनचीही भेट घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते विद्यापीठाच्या निधीसाठी आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले.

यानंतर आले १९३६ साल. विद्यापीठाचे मुख्यालय त्या वर्षी पुण्याहून मुंबईला गेले. आपण वाढवलेल्या संस्थेच्या खुर्चीला शेवटपर्यंत चिकटून राहणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. आपल्याशिवाय चालणार नाही ही भावना सुखावते, आणि साचण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. अण्णासाहेबांनी चालत्या संस्था इतरांच्या हाती दिल्या आणि स्वतःसाठी लहान, सुटसुटीत काम निवडले : खेड्यातली शाळा. त्यासाठी आपल्या पेन्शनमधले पैसे घातले, लोकांकडून लहानलहान देणग्या गोळा केल्या. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेद आणि अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांनी समता संघ काढला.

मानसशास्त्रज्ञ पॉल आणि मार्गरेट बाल्टिस यांनी यशस्वी वार्धक्याचे सूत्र तीन शब्दांत बसवले : निवड, सराव आणि भरपाई. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन याचे उदाहरण ते देत. म्हातारपणी तो मोजक्याच रचना वाजवी, त्यांचाच अधिक सराव करी आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवी, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला पुरेसा वाटे. अण्णासाहेबांची निवड याच जातीची दिसते. शक्ती कमी झाली तसे त्यांनी कामाचे आकारमान कमी केले, उद्देश मात्र कमी केला नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ध्येय असले की माणूस शंभरी गाठतो, असा निष्कर्ष या चरित्रातून काढू नये. आयुष्याला उद्देश असणाऱ्यांचे आरोग्य सरासरीने बरे असते असे अभ्यास सांगतात, पण मुळात प्रकृती बरी असणाऱ्यांनाच उद्देशाच्या मागे धावणे जमते, ही शक्यताही असते. कर्व्यांच्या घरातच याचे उदाहरण आहे. थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी संततिनियमनाचे काम तितक्याच चिकाटीने केले, त्यापायी नोकरी गमावली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत चालवले. १९५३ मध्ये ते ७१ व्या वर्षी गेले. वडील जगाच्या प्रवासावर होते तेव्हा त्यांचे वयही तेवढेच होते. ध्येयात पितापुत्रांत उणेअधिक करता येणार नाही. आयुष्याच्या लांबीत आनुवंशिकता, आजार आणि नशीब यांचाही वाटा असतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एकाची जोपासना दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असू शकते. अण्णासाहेबांनी मिळकत आश्रमाला दिली, विम्याची पॉलिसीही देऊन टाकली. घर चालवायचे होते बायांना. मुले वाढवणे, पैशाची ओढाताण सोसणे आणि वर आश्रमासाठी राबणे, हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळे मोकळेपणाने सांगितले आहे. पती ८६ व्या वर्षी समता संघ काढत होते, त्याच वर्षी पत्नीने आपला हिशेब लोकांपुढे ठेवला. एरिक्सनच्या शेवटच्या टप्प्यातले काम बायांनी असे पुरे केले. त्यात प्रेम आहे आणि तक्रारही आहे. सगळे छानच झाले असे म्हणणे म्हणजे आयुष्य स्वीकारणे नव्हे. जे झाले ते जसेच्या तसे सांगता येणे, हेही स्वीकारणेच आहे.

१९५० मध्ये बाया गेल्या, तीन वर्षांनी रघुनाथराव गेले. शंभरी जवळ आलेल्या माणसाला दीर्घायुष्याची ही किंमत द्यावीच लागते : आपल्या माणसांना आपल्या आधी निरोप देणे. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी देशाने अण्णासाहेबांना भारतरत्न दिले. त्यांचा जन्म झाला त्या शतकाच्या अखेरीस भारतातले सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज साठी ओलांडलेल्या माणसापुढे आणखी पंधरा-वीस वर्षे असणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ती वर्षे कशी जातील, यात रक्तदाब आणि साखरेइतकाच महत्त्वाचा भाग या दोन प्रश्नांचा आहे : हातातले कोणाकडे सोपवायचे, आणि रिकाम्या हाताने लहानसे काय धरायचे. विद्यापीठ काढण्याची गरज नसते. शेजारच्या मुलाचा अभ्यास घेणे, आजारी मित्राकडे आठवड्यातून एकदा जाणे, वाचनालयाच्या वह्या लिहिणे हेही त्यात येते. फक्त एक गोष्ट विसरू नये : आपण नवे काही हाती घेतो तेव्हा घरात त्याचा भार कोणावर पडतो, हे त्या माणसालाच विचारावे.