रेव्ह. स्टीफन हिस्लॉप : बोरीच्या वाटेवरील सेवक

हिंगणघाटाहून नागपुरास जाणाऱ्या सडकेवर बुटीबोरी हे गाव लागते. आज तेथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू असते. ह्या वाटेने आमचे किती तरी वाचक सभेस, इस्पितळास किंवा सोयऱ्यांच्या भेटीस जातात. परंतु ज्या मनुष्याच्या नावाचे विद्यालय नागपुरात आहे, त्याच्या आयुष्याची अखेर ह्याच मुलखातील एका ओढ्यात झाली, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. तो मनुष्य म्हणजे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही आज त्यांच्या चरित्रातील एका निराळ्याच गुणाकडे आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. तो गुण म्हणजे लहान कामाविषयीचा आदर.

हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंड देशातील डन्स ह्या गावी झाला. त्यांच्या वडील बंधूंस सृष्टिशास्त्राची आवड होती, आणि ती धाकट्या भावासही लागली. दगड, कीटक व वनस्पती गोळा करावयाच्या आणि त्या नीट न्याहाळावयाच्या, ही सवय बाळपणी जडली ती शेवटपर्यंत सुटली नाही. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले आणि पाळकाचे काम पत्करण्याचा त्यांनी निश्चय केला.

इतक्यात १८४३ साल उजाडले. त्या वर्षी स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. मंडळीचा पाळक कोणी नेमावा, गावच्या जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. मंडळीच्या कारभारात सरकारचा व जमीनदारांचा हात असू नये, असे ज्यांस वाटत होते, ते चारशेंहून अधिक पाळक आपली वेतने व राहती घरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च नावाची स्वतंत्र मंडळी स्थापिली. तरुण हिस्लॉप ह्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. भाकरीपेक्षा सद्सद्विवेक मोठा, हा धडा त्यांनी ग्रंथात वाचून घेतला नाही. तो आपल्या वडीलधाऱ्यांच्या उंबरठ्यावर प्रत्यक्ष घडताना पाहिला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण नागपुरात आल्यावर ह्याच धड्याची परीक्षा व्हावयाची होती.

नागपूरच्या मिशनची सुरुवात दुःखातून झाली आहे. मद्रासच्या सैन्यातील विल्यम हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीचा पैसा गोंड लोकांमधील सुवार्तेच्या कामासाठी देऊ केला होता. त्याआधी काही जर्मन मिशनरी अमरकंटकाजवळील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले होते. परंतु १८४२ साली पटकीची साथ आली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी बहुतेक जण तेथेच मातीआड झाले. हे सारे ठाऊक असूनही फ्री चर्चने हिल ह्यांची देणगी स्वीकारली, आणि त्या कामासाठी हिस्लॉप पुढे आले. विवाह नुकताच झालेला होता. १८४४ च्या अखेरीस आपली पत्नी इरॅस्मा हिच्यासह ते मुंबईस उतरले व १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूर प्रांतात पोहोचले. आगगाडी तेव्हा ह्या देशात कोठेच नव्हती.

त्या काळी नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीस राहात असे. कामठीच्या छावणीत मद्रासी पलटणी होत्या व त्यांत तमिळ आणि तेलुगु बोलणारे ख्रिस्ती लोकही होते. म्हणजे हिस्लॉप ह्यांच्या समोर एकाच वेळी किती तरी भाषांची माणसे उभी होती : शहरातील मराठी लोक, छावणीतील दक्षिणी लोक आणि रानातील गोंड. त्यांनी मराठीचा अभ्यास जोराने आरंभिला. १८४६ च्या मे महिन्यात नागपुरात एक शाळा काढली. १८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी येऊन मिळाले, आणि दोघे मिळून शिकविणे व हिवाळ्यात गावोगाव फिरून उपदेश करणे अशी दुहेरी सेवा करू लागले.

हे काम सोपे होते असे कोणी समजू नये. शाळेत मुले येत, इंग्रजी शिकत, शास्त्राची वचने पाठ करीत. परंतु बाप्तिस्म्याचा विषय निघाला की सारे शहर खवळून उठे. एका ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती होण्याचे ठरविले, तेव्हा प्रकरण थेट दरबारापर्यंत गेले. राजाच्या प्रजाजनास राजाच्या ताब्यात दिले पाहिजे, असा तहाचा अर्थ लावून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या तरुणास दरबाराच्या हवाली केले, आणि विश्वासापायी त्याला बंदिवास भोगावा लागला. ज्या सरकारचे अधिकारी स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, त्यांनीच हे करावे, ह्याचा हिस्लॉप ह्यांस केवढा धक्का बसला असेल! ज्या मनुष्याने आपल्या मायदेशी मंडळी आणि सरकार ह्यांच्या झगड्यात मंडळीची बाजू घेतली होती, त्याला येथे पुन्हा तेच दिसले. राज्यसत्ता स्वतःची सोय आधी पाहते. सुवार्तेने तिच्या खांद्यावर हात ठेवून चालू नये.

ह्या ठिकाणी आम्हांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा प्रसंगी मिशनऱ्याच्या धैर्याची कथा पुस्तकांत येते आणि ती योग्यच आहे. परंतु किंमत कोणी दिली? ती त्या तरुणाने दिली. घर त्याचे सुटले, आप्त त्याचे दुरावले, कोठडीचे दार त्याच्यामागे बंद झाले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी विहिरीवरचे पाणी, बलुत्याचा वाटा, भावकीतील पंगत ही सर्व गमावून विश्वास धरला. चरित्रे बहुधा मोठ्या माणसांची लिहिली जातात. परंतु त्यांच्या पानांआड अशी किती तरी माणसे उभी असतात, आणि परमेश्वराच्या वहीत त्यांची नावे लहान अक्षरांत लिहिलेली नसतील असा आमचा भरवसा आहे.

१८५३ साली रघूजी भोसले वारले आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, हंटर ह्यांची प्रकृती ढासळून त्यांस मायदेशी परतावे लागले. पुढे त्यांनी इंग्रजी भाषेचा एक विशाल कोश रचला. हिस्लॉप ह्यांस जोडीदार राहिला नाही. शाळा, उपासना, पत्रव्यवहार आणि दौरे हे सर्व त्यांच्यावर पडले. दहा वर्षांच्या श्रमानंतर ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांची संख्या मोजकीच होती. दर वर्षी अहवाल लिहिताना ज्यांस आकडे भरावे लागतात, त्या आमच्या उपदेशक बंधूंस ह्या स्थितीची कल्पना सहज येईल.

मग अशा दिवसांत हिस्लॉप ह्यांनी काय केले? जे हाताशी होते ते त्यांनी मन लावून केले. दौऱ्यावर जाताना त्यांच्याजवळ पुस्तके असत आणि त्याबरोबर दगड फोडण्याची हातोडीही असे. नागपूरच्या पश्चिमेस टाकळीजवळ काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये त्यांना व हंटर ह्यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे व झाडांच्या फळांचे दगड झालेले अवशेष सापडले. आपल्या शेतांतील काळी माती ज्या खडकापासून झाली, तो खडक म्हणजे थिजलेला लाव्हा होय. तो पृथ्वीच्या पोटातून एकदम बाहेर आला नाही. एक थर पसरावा, त्यावर तळी साचावीत, झाडे उगवावीत, प्राणी नांदावेत, आणि मग पुन्हा दुसरा थर यावा, असे घडत गेले. हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाले असे आज शास्त्रज्ञ सांगतात. हिस्लॉप व हंटर ह्यांचा ह्या विषयावरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. नागपुराच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, म्हणजे हिंगणघाटापेक्षाही दूर, मांगली नावाचे खेडे आहे. तेथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन इंग्लंडातील प्रख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनी त्याच वर्षी केले. नागपूरकडील एका हिरव्या खनिजास व गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवाच्या जातीस हिस्लॉप ह्यांचेच नाव मिळाले आहे.

कोणी म्हणेल की उपदेशकास दगडधोंड्यांशी काय कर्तव्य? हिस्लॉप ह्यांच्या आयुष्यात ही दोन कामे भांडत नव्हती. ज्याने शब्द दिला त्यानेच खडक घडविला, अशी ज्याची श्रद्धा आहे तो खडकही आदरानेच उचलील. दुसरे असे की, खाली वाकून लहान वस्तू पाहण्याची ज्यास सवय लागली, त्यास लहान मनुष्यही दिसू लागतो.

ह्याचा प्रत्यय गोंडांच्या कामात येतो. ज्यांच्यासाठी हे मिशन निघाले ते गोंड लोक रानांत विखुरलेले होते, आणि शहरातील शाळेने बांधून टाकलेल्या हिस्लॉप ह्यांस त्यांच्यात कायमचे राहता आले नाही. तरी ते त्यांस विसरले नाहीत. दौऱ्यांत त्यांनी गोंडी शब्द जमविले, चालीरीती टिपल्या, आणि लिंगो ह्या त्यांच्या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत एका परधान गायकाच्या मुखातून उतरवून घेतले. त्या काळी सुशिक्षित लोक ज्यांस रानटी म्हणून हिणवीत, त्यांच्या गाण्यासमोर एका विद्वान पाळकाने कागद-लेखणी घेऊन बसावे, ही गोष्ट साधी नव्हे. बोलण्यापूर्वी ऐकावे लागते. ज्यांस आपण सुवार्ता सांगावयास जातो, त्यांच्या आजीने त्यांस काय सांगितले आहे हे ज्याने कधी विचारले नाही, त्याचा उपदेश दारातूनच परत येतो. हे कागद हिस्लॉप ह्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. त्यांच्या पश्चात १८६६ साली रिचर्ड टेंपल ह्यांनी ते संपादून प्रसिद्ध केले, आणि गोंडांविषयी अभ्यास करणारास आजही त्यांचा आधार घ्यावा लागतो.

आता शेवटच्या दिवसाकडे वळू. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला होता आणि टेंपल हे तेथील सर्वांत मोठे अधिकारी होते. बोरीजवळ टाकळघाट येथे मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली प्राचीन स्थळे आहेत. ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनस्थाने होत, असे पुढे १९६८ च्या सुमारास झालेल्या उत्खननांवरून दिसून आले. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल ही स्थळे पाहावयास निघाले आणि त्यांनी हिस्लॉप ह्यांस बरोबर घेतले. प्रांताचा अधिपती सोबत, आवडीचा विषय समोर. विद्वान मनुष्यास ह्याहून मोठा मान कोणता?

परंतु बोरीस एक लहानशी गावठी शाळा होती. ४ सप्टेंबर रोजी हिस्लॉप मंडळींपासून मागे राहिले, ते त्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी. काम संपल्यावर सायंकाळी ते घोड्यावर बसून एकटेच मुक्कामाकडे निघाले. पावसाळ्याचे दिवस होते. वाटेतील ओढ्यास पूर आला होता. ह्या मुलखातील ओढे सकाळी घोट्याइतके असतात आणि संध्याकाळी मनुष्यास घेऊन जातात, हे वणेकाठच्या लोकांस सांगावयास नको. मुक्कामी घोडा आला. स्वार आला नाही. शोध करता हिस्लॉप ह्यांचा मृतदेह पाण्यात सापडला. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

अठरा वर्षांचे काम असे एका संध्याकाळी संपले. मागे पत्नी व मुले राहिली, थोडकी मंडळी राहिली, एक शाळा राहिली आणि अपुऱ्या कागदांचा गठ्ठा राहिला. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता तर तो तोट्याचा वाटला असता. परंतु ती शाळा वाढत गेली. १८८३ साली तिच्यातून महाविद्यालय उभे राहिले व त्यास हिस्लॉप ह्यांचे नाव देण्यात आले. विदर्भातील सर्व जातिधर्मांच्या पिढ्या तेथे शिकून गेल्या.

प्रिय वाचकहो, आम्हांस ह्या चरित्रात सर्वांत अधिक मोलाचे काय वाटते ते सांगून हा लेख पुरा करतो. महाविद्यालय मोठे आहे, विद्वत्ता मोठी आहे. परंतु त्या दिवशी ज्या शाळेसाठी हिस्लॉप मागे राहिले, तिच्या मुलांची नावे कोणास माहीत नाहीत. ती त्यांचे सोयरे नव्हती, त्यांच्याकडून मान मिळावयाचा नव्हता. अधिकाऱ्यांची सोबत पुढे गेली तरी चालेल, पण मुले वाट पाहात असतील तर थांबले पाहिजे, एवढेच त्यांनी जाणले. आमचे किती तरी उपदेशक व शिक्षक आजही पाचदहा मुलांस ओसरीवर गोळा करून अक्षरे गिरवून घेतात, आणि कधी कधी त्यांच्या मनात येते की ह्याचे काय होणार. त्यांनी बोरीची ती सायंकाळ आठवावी. काम लहान आहे की मोठे, हे ठरविणे आपल्याकडे नाही. ते वेळेवर व मनापासून करणे आपल्याकडे आहे, आणि पुढचे ज्याचे काम आहे त्याने पाहून घ्यावे.