येलेना मुखिना : एका सुवर्णकन्येची शोकांतिका

जिम्नॅस्टिक्स म्हटले की बहुतेकांना रुमानियाची नादिया कोमानेची आठवते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये तिने दहापैकी दहा गुण मिळविले आणि ती साऱ्या जगाची लाडकी झाली. पण दोनच वर्षांनी याच नादियाला मागे टाकणारी एक अबोल रशियन मुलगी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव येलेना मुखिना. तिचे जीवन वाचल्यापासून मन बेचैन आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

येलेनाचा जन्म १ जून १९६० रोजी मॉस्को येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले, वडील दुरावले. आजी आन्ना इव्हानोव्हना हिनेच तिला लहानाचे मोठे केले. शाळेत आलेल्या एका प्रशिक्षिकेमुळे ती या खेळाकडे वळली. पुढे मिखाईल क्लिमेन्को हे तिचे प्रशिक्षक झाले. ते पूर्वी पुरुष खेळाडूंना शिकवीत. पुरुषांच्या अवघड उड्या येलेनाने कराव्यात, ही त्यांची जिद्द.

आपल्याला मल्लखांब परिचयाचा. हा खेळ तितका नाही. यात मुलींना चार प्रकारांत कौशल्य दाखवावे लागते. त्यांतली तोल सांभाळायची फळी अवघी दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते. तिच्यावर कोलांट्या घ्यायच्या! १९७८ साली फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत येलेनाने सर्वांगीण विजेतेपद मिळविले. शिवाय संघाचे आणि जमिनीवरील कसरतींचे अशी आणखी दोन सुवर्णपदके व दोन रौप्यपदके! अठराव्या वर्षी ती जगात पहिली ठरली.

आणि इथूनच तिच्या दैवाने पाठ फिरविली. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. १९८० चे ऑलिंपिक तिच्याच मॉस्कोत व्हायचे होते. हाड नीट सांधण्याआधीच प्लॅस्टर निघाले आणि सराव सुरू झाला. त्यातच थॉमस साल्टो नावाची उडी तिच्यावर लादली गेली. अमेरिकेच्या कर्ट थॉमसने रूढ केलेली ही उडी; हवेत उलटी कोलांटी घेत फिरकी मारायची आणि पुढे झुकत जमिनीवर लोळत उतरायचे. उंची किंचित कमी पडली तर हनुवटी आधी टेकते. यात आपली मान मोडेल, असे तिने प्रशिक्षकांना सांगितले होते. तिच्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, असे म्हणून त्यांनी तो विषय संपविला. ती गप्प राहिली. दुखत्या पायाने पुन्हा उडी मारू लागली.

३ जुलै १९८० रोजी, ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे असताना, मिन्स्क येथे सरावात ती हनुवटीवर आदळली. मान मोडली. वीस वर्षांच्या या मुलीचे हातपाय कायमचे निकामी झाले. आता ऑलिंपिकला जावे लागणार नाही, हाच पहिला विचार मनात आल्याचे तिने पुढे सांगितले. केवढी ही थकलेली मुलगी! तेव्हाच्या सोव्हिएत सरकारने या अपघाताची वाच्यता होऊ दिली नाही. सव्वीस वर्षे अंथरुणात काढून २२ डिसेंबर २००६ रोजी ती गेली. तिच्या अपघातानंतर स्त्रियांच्या स्पर्धांत त्या उडीवर बंदी आली. आधी मान मोडली, मग नियम झाला!

हे वाचताना माझे मन मॉस्कोहून थेट आपल्या बीड जिल्ह्यात येते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही कंबर मोडली तरी कोयता खाली ठेवता येत नाही. उचल फेडायची असते; खाडा झाला तर दंड पडतो. तो चुकावा म्हणून कित्येकींनी गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या. एकीच्या गळ्यात सुवर्णपदक, दुसरीच्या डोईवर मोळी. पण स्वतःच्या देहाविषयी बोलण्याचा अधिकार दोघींनाही नाही.

मुलीने सोसावे, उलट बोलू नये, असे आपण घरोघरी शिकवितो आणि त्याला चांगले वळण म्हणतो. येलेना अशीच चांगल्या वळणाची होती. तिला धैर्य कमी नव्हते. तिचे ऐकून घेणारा माणूस नव्हता. मैत्रिणींनो, आपल्यातली एखादी आता सोसवत नाही म्हणाली, तर तिला भित्री ठरविण्याआधी निदान तिचे ऐकून घेऊ या.