तळपायातून येणारा जोर

झेंग मानचिंग यांचा जन्म १९०२ मधला, चीनच्या झेजियांग प्रांतातील वेनझोऊचा. चित्रकला, सुलेखन, काव्य, वैद्यक आणि ताई ची या पाच विद्यांत ते पारंगत मानले जात. पण तरुणपणीच त्यांना क्षयाने गाठले. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा आलेच नव्हते. झेंग ताई चीकडे वळले ते लढण्यासाठी नव्हे, जगण्यासाठी. प्रकृती सुधारली, आणि त्याचे श्रेय त्यांनी ताई चीला दिले. त्या काळी काही रुग्णांचा क्षय आपोआपही शमत असे, हे इथे विसरून चालणार नाही. आज क्षयावर गोळ्यांच्या पूर्ण कोर्सला पर्याय नाही.

पुढे त्यांना यांग चेंगफू हे गुरू लाभले. यांग आडदांड, झेंग अंगाने लहानखुरे. तरीही 'हात ढकलण्या'च्या सरावात झेंग आपल्याहून धिप्पाड माणसाचे पाय जमिनीवरून सुटायला लावत. यात जादू काही नाही. मागच्या पायाने जमीन दाबायची. तो जोर गुडघा, कंबर, पाठ असा चढत हातापर्यंत पोहोचतो. भालाफेकपटूही हेच करतो. मधला एखादा सांधा आखडला की जोर तिथेच अडतो, म्हणून झेंग यांचा सारा भर अंग सैल सोडण्यावर. समोरचा जेवढा ताठ, तेवढा तो खांद्याला लावलेल्या धक्क्याने टाचेपासून कलतो.

दुसरा आग्रह वजनाचा. दोन्ही पायांवर सारखा भार असला, तर वळण्यापूर्वी तो आधी एका पायावर घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तोल जातो. म्हणून भार एका वेळी एकाच पायावर. दुसरा पाय आधी अलगद टेकवायचा, मगच वजन द्यायचे. तळपाय, घोटा, कान आणि डोळे यांच्याकडून मेंदूला येणाऱ्या खबरींची ही रोजची तालीमच. म्हातारपणी याच खबरी मंदावतात.

१९३८ च्या सुमारास हुनान प्रांतात कमी वेळात पुष्कळ जणांना शिकवायचे होते. झेंग यांनी यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातील पुनरावृत्ती गाळून तो ३७ आसनांवर आणला. जुन्या परंपरेतल्या काहींना ही काटछाट रुचली नाही. पण ज्याला रोज दहा मिनिटे मिळतात, त्याच्या दृष्टीने हेच त्यांचे मोठे काम. १९४९ मध्ये ते तैवानला गेले आणि १९६४ पासून न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये लांब केसांच्या अमेरिकी तरुणांनाही शिकवू लागले. १९७५ मध्ये तैवानमध्ये त्यांचे निधन झाले.

२०१२ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वजने लावून व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत मात्र पडण्याच्या संख्येत तसा ठळक फरक दिसला नाही.