बर्फावरचा स्टोव्ह

गॅस येण्यापूर्वीचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या कानात पितळी स्टोव्हचा आवाज अजून असेल. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा. मग रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत फुरफुरू लागे. ज्योत बिघडली की पिन मारायची. हा स्टोव्ह स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास ‘प्रायमस’ नावाने बाजारात आणला. पुढे तीनच वर्षांत तो उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागला. त्याला तिकडे नेणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

फ्रिट्यॉफ नान्सेन १८६१ साली नॉर्वेच्या राजधानीजवळ जन्मला. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, मज्जासंस्थेचा अभ्यासक. १८८८ साली पाच सोबत्यांना घेऊन तो स्कीवरून ग्रीनलंड ओलांडायला निघाला. वस्ती होती पश्चिम किनाऱ्यावर. तिकडून निघाले तर परतायची सोय राहते. नान्सेन मुद्दाम निर्जन पूर्वेकडून निघाला. मागे फिरून जायला काही नव्हतेच, म्हणून पुढे जाणे भाग होते.

मोहीम यशस्वी झाली, पण वाटेत सहाही जण तहानेने कासावीस झाले. चहूकडे बर्फ, पण तो वितळवायला इंधन हवे आणि बरोबरचे स्पिरिट मोजके. पत्र्याच्या बाटल्यांत बर्फ भरून त्या कपड्यांच्या आत छातीशी धरायच्या, अंगाच्या उबेने घोटभर पाणी मिळवायचे, अशी वेळ आली.

ती तहान नान्सेन विसरला नाही. त्याने स्वयंपाकाचे एक साधन घडवले. मध्ये अन्नाचे भांडे, त्याच्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे, वर तिसरे पसरट भांडे आणि या सगळ्यांवर टोपासारखे झाकण. आच मधल्या भांड्याखालून निघे, दोन भांड्यांच्या फटीतून वर जाई, वरच्या भांड्याला तापवी आणि कडेने खाली उतरून मगच बाहेर पडे. आत रस्सा शिजेपर्यंत बाहेरच्या भांड्यांतल्या बर्फाचे पाणी झालेले असे. त्याच्या मोजणीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता कामी येई.

१८९३ साली ‘फ्राम’ जहाज त्याने जाणूनबुजून ध्रुवीय बर्फात गोठू दिले. बर्फाबरोबर ते ध्रुवाकडे वाहत जाईल, असा त्याचा कयास होता. ते पुरेसे उत्तरेला जाईना, तेव्हा १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहानसेन जहाज सोडून निघाले. बरोबर तीन घसरगाड्या, अठ्ठावीस कुत्रे, दोन कयाक, एक प्रायमस आणि सुमारे २० लिटर तेल. तेवढ्या तेलावर दोघांना दिवसाला दोन गरम जेवणे आणि भरपूर पाणी मिळाले, तेही सुमारे १२० दिवस! आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला ध्रुवीय साहसापेक्षा हा ताळेबंद जास्त थक्क करतो.

एप्रिलमध्ये ८६ अंशांपलीकडे पोहोचून ते परत फिरले. तोवर कोणीही इतके उत्तरेला गेले नव्हते. वाटेत एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना घालावा लागला. पुढचा हिवाळा त्यांनी फ्रान्झ योसेफ लँडवर, दगडांच्या आणि वॉलरसच्या कातड्याच्या खोपटात काढला. तेल संपले होते. त्यांनी धातूच्या पत्र्याचे कोपरे दुमडून दिवे केले, औषधाच्या पेटीतल्या पट्ट्यांच्या वाती केल्या आणि जनावरांची चरबी जाळली. जून १८९६ मध्ये एका इंग्रज शोधकाची अवचित गाठ पडली आणि दोघे वाचले.

एवढ्यावर थांबला असता तरी त्याचे नाव राहिले असते. पण साठी जवळ आली तेव्हा पहिले महायुद्ध संपले होते आणि राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचे काम सोपवले. सव्वाचार लाखांहून अधिक माणसे त्याने परत पाठवली. १९२१ साली रशियात भीषण दुष्काळ पडला. नान्सेनने जिनीव्हात सरकारांकडे कर्जाची याचना केली. बोल्शेविकांना मदत होईल, या भीतीने सरकारांनी हात आखडला. मग तो जनतेकडे गेला, देशोदेशी फिरला, देणग्या जमवल्या, रशियात अन्नछत्रे उघडली. अमेरिकेच्या मदतसंस्थेने याहून कितीतरी मोठे काम केले. तरीही सुमारे पन्नास लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. तेलाचा हिशेब त्याच्या हातात होता, सरकारांची मने नव्हती.

१९२२ साली त्याला शांततेचे नोबेल मिळाले. ती रक्कमही मदतकार्यात गेली. त्याच वर्षी देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठी त्याच्या प्रयत्नाने ओळखपत्र निघाले. जग त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. स्टोव्ह आणि हा कागद, दोन्ही हलके, बरोबर नेता येणारे; ज्याची चूल मागे राहिली त्याच्यासाठी.

१३ मे १९३० रोजी तो गेला. त्याच्या धर्तीची भांडी स्कॉट, अ‍ॅमंडसेन यांनी दक्षिण ध्रुवावर नेली होती. आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर जुना पितळी स्टोव्ह अजून असेल, तर मुलांना एकदा काढून दाखवा आणि सांगा, की याच्याच एका भावंडाने दोन माणसांना चार महिने बर्फात जेवू घातले होते.