कमलाबाई गोखले : पडद्यावरील पहिले पाऊल

मागील काळातील मराठी रंगभूमीवर ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द रूढ होता, हे आपणांस ठाऊक असेल. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटासाठी भाषेत स्वतंत्र शब्द असावा, यावरूनच रंगमंच स्त्रीला किती दूर होता, हे ध्यानी येते. चित्रपटानेही आरंभी हीच वाट धरली. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी स्त्री मिळाली नाही. अखेरीस उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

त्याच वर्षी फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रित केला. यात मोहिनी झाली अवघ्या तेरा वर्षांची कमला आणि पार्वतीची भूमिका केली तिच्या आईने, दुर्गाबाई कामत यांनी. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुराणातील मोहिनी हे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप आहे. तारामती पुरुषाने साकारली आणि पुरुषदेवाचे हे रूप मात्र एका मुलीने! भारतीय चित्रपटातील स्त्रीचा प्रवेश असा झाला.

हे धैर्य त्यांच्यात कोठून आले? दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या. मुलीचे संगोपन करायचे, तर उपजीविकेचे साधन हवे. त्यांनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली व समाजाचा रोष पत्करला. कमलेचे बालपण त्यामुळे शाळेपेक्षा रंगमंचावरच अधिक गेले. मायलेकींच्या निर्णयामागे कलेच्या ओढीइतकाच पोटाचा प्रश्न होता, हे विसरू नये.

मूकपटात नटीला वाणी नव्हती. गायन व संवाद यांवर वाढलेल्या कमलेस तेथे केवळ मुद्रा व हालचाल यांवर विसंबावे लागले. पुढे तिचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला आणि तिचे खरे क्षेत्र रंगभूमी ठरले. तेथे तिने पुरुषभूमिकाही केल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हा तीन मुलांचा भार कमलाबाईंनी अभिनयाच्याच बळावर पेलला. त्यांपैकी चंद्रकांत गोखले नामवंत अभिनेते झाले. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. रीना मोहन यांनी वृद्ध कमलाबाईंवर माहितीपट केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

‘मोहिनी भस्मासुर’ आज आपणांस संपूर्ण पाहता येत नाही. तरीही त्याचे महत्त्व उणे होत नाही. कारण त्यानंतर कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी स्त्री ही अशक्य गोष्ट उरली नाही.

स्वाध्याय : वर्धा जिल्ह्यातील आपल्या गावी पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका कोण करीत असे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांनी वापरलेल्या शब्दांसह दहा ओळी लिहा.