नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२, सातारा – १३ मार्च १८००, पुणे) हे उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी व कारभारी होते. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत मराठी राज्याची सूत्रे प्रामुख्याने त्यांच्याच हाती होती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांच्या फौजा दोनदा बोरघाटाच्या वाटेने पुण्यावर चालून आल्या आणि दोन्ही वेळा त्यांना माघार घ्यावी लागली. या घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नानांनी बांधलेला तलाव व महादेवाचे मंदिर यांमुळे रायगड जिल्ह्याच्या कर्जत-खालापूर भागात त्यांचे नाव आजही घेतले जाते.

घराणे व पूर्वायुष्य

भानू घराणे मूळचे कोकणातील बाणकोटजवळच्या वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर देशावर आले आणि १७१९ मध्ये दिल्लीतील दंग्यात मारले गेले. पुढे फडणिशी या घराण्याकडे राहिली. फडणीस म्हणजे जमाखर्चाचा व दप्तराचा मुख्य अधिकारी. गावोगावचा वसूल, सरदारांच्या सरंजामांचे हिशेब, शिबंदीचा खर्च व देवस्थानांच्या नेमणुका यांचे कागद त्याच्या नजरेखालून जात. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी नानांकडे हे पद आले.

१७६१ च्या पानिपत मोहिमेत नाना सदाशिवरावभाऊंच्या लष्करासोबत होते. मातोश्री व पत्नीही बरोबर होत्या. पराभवानंतरच्या पळापळीत मातोश्री कायमच्या दुरावल्या, पत्नी वाचली. नाना जीव वाचवून दक्षिणेत परतले. या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या असून मराठीतील आरंभीच्या आत्मवृत्तांत त्या लेखनाची गणना होते. रणांगणापासून दूर राहण्याच्या त्यांच्या स्वभावाचा संबंध अनेकांनी भित्रेपणाशी जोडला आहे. तथापि पानिपतावर धान्य व वैरण तुटल्यावर लाखभर माणसांच्या छावणीचे काय होते, हे त्यांनी एकोणिसाव्या वर्षी प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे शत्रूची रसद तोडण्यावर त्यांनी जो भर दिला, त्याचा विचार करताना ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

बारभाई

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकजूट केली. हीच बारभाईंची मसलत होय. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने पुढील कारभार सुरू झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले व मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला, परंतु मुंबईकरांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला नाही.

बोरघाटाच्या पायथ्याशी

मुंबईहून पुण्याला जाण्याचा सोयीचा मार्ग पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असा येऊन बोरघाटाने खंडाळ्यास चढत असे. खालापूर, सावरोली, कुंभिवली ही पाताळगंगेच्या खोऱ्यातील गावे या वाटेच्या टापूत येतात. उत्तरेला कर्जतच्या बाजूने कुसूर घाटाची दुसरी वाट मावळात जाते. सैन्य मोठे असले तरी तोफा व सामानाचे बैल यांच्यामुळे त्याला बोरघाटावाचून फारसा पर्याय नसे. १६६१ मध्ये याच तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली होती. मुंबईकर इंग्रजांना मात्र ते उदाहरण आठवले नसावे.

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० सैनिकांची इंग्रज फौज पनवेलमार्गे निघाली. सामान वाहण्यासाठी १९,००० हून अधिक बैल होते. घाट चढण्यास फारसा विरोध झाला नाही. खरी अडचण वर गेल्यावर सुरू झाली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजा समोरासमोरची लढाई टाळून चारी बाजूंनी हल्ले करीत राहिल्या. कार्ले येथे कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. हाच मराठी बखरींतला इष्टुर फाकडा. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले, तेव्हा ते गाव जाळून ओस केलेले होते आणि दाणा-वैरण कोठेच नव्हती. जड तोफा तलावात टाकून त्यांनी रात्रीच माघार घेतली. वडगाव येथे वेढले गेल्यावर त्यांना तह करणे भाग पडले. या यशाचे श्रेय महादजींना द्यावे की नानांना, यावर इतिहासकारांत बराच वाद झाला आहे. ज्यांनी स्वतःचे गाव सोडले त्या मावळातील रयतेचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

वडगावचा तह इंग्रजांनी मानला नाही. डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतल्यानंतर जनरल गॉडर्ड बोरघाटाकडे वळला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने घाट ताब्यात घेतला, पण पुण्याकडे न जाता तो अडीच महिने पायथ्याशी खोपोलीच्या परिसरात तळ देऊन राहिला. पुण्यावर चालून आल्याचा धाक दाखवला की नाना तहास तयार होतील, असा त्याचा अंदाज होता. नानांनी बोलणी लांबवली, अटी नाकारल्या आणि दरम्यान घाटमाथ्यावर हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांच्या फौजा जमवल्या. परशुरामभाऊ पटवर्धनांना कोकणात उतरवण्यात आले. पनवेलहून घाटाकडे येणाऱ्या रसदीच्या तांड्यांवर चौकच्या आसपास त्यांनी वारंवार हल्ले केले. एप्रिलमध्ये गॉडर्डने तळ हलवला. पनवेलपर्यंतच्या त्या माघारीत त्याचे चारशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि पुढील वीस वर्षे इंग्रजांनी पुण्यावर स्वारी केली नाही.

उत्तरकाळ

या काळात नानांचा दरारा सर्वत्र होता. त्यांचा बातमीदारांचा जाल आणि दप्तराची शिस्त यांची इंग्रज वकिलांनाही धास्ती असे. कारभाराला काळी बाजूही होती. पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्याविरुद्धच्या तक्रारींकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत एकवीस जण गुदमरून मेल्यावर लोकक्षोभापुढे त्याला जमावाच्या हवाली करावे लागले. सवाई माधवराव वयात आल्यावरही नानांचे नियंत्रण सैल झाले नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नानांचे आसन डळमळले. त्यांना काही काळ महाडला जाऊन राहावे लागले. डिसेंबर १७९७ अखेर दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना कैद केले. १७९८ मध्ये सुटका होऊन ते पुन्हा कारभारी झाले, परंतु दुसऱ्या बाजीरावांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. १८०० मध्ये त्यांचे निधन झाले. १८०२ अखेर बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. नानांच्या विधवा पत्नी जिऊबाई काही काळ लोहगडावर होत्या. पुढे इंग्रजांच्या मध्यस्थीने नेमणूक मिळून त्या पनवेलला राहण्यास गेल्या.

खोपोलीचा तलाव

वाईजवळील मेणवलीचा वाडा व घाट, पुण्यातील बेलबाग आणि लोहगडावरील पाण्याची बांधकामे ही नानांची प्रसिद्ध बांधकामे होत. खोपोलीचा दगडी तलाव व वीरेश्वराचे मंदिर त्यामानाने कमी परिचित आहेत. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर बैल, तट्टे व माणसे येथे थांबत, त्यामुळे बारमाही पाण्याची सोय ही या जागेची मुख्य गरज होती. ज्या ठिकाणी शत्रूच्या फौजेने तळ दिला होता, तेथेच वाटसरूंसाठी पाणी बांधले गेले. एकोणिसाव्या शतकात घाट चढणाऱ्या इंग्रज प्रवाशांनीही या तलावाची नोंद केली आहे.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि काही वर्षे प्रवासी येथे उतरून पालखीने अथवा गाडीने खंडाळ्यास जात. १८६३ मध्ये लोहमार्ग कर्जतहून थेट घाट चढू लागला, तेव्हा खोपोलीचा मुक्काम ओसरला. पळसदरीहून निघणारी लहान शाखा तेवढी उरली. १९१५ मध्ये टाटांचे वीजगृह सुरू झाल्यावर गावाला पुन्हा वर्दळ आली. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतील लोक वीरेश्वराच्या दर्शनास येतात.