हौशीपणाचे कुंपण आणि सुझान लेंग्लेन

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसच्या रोलाँ गॅरोस संकुलातील सामने दूरचित्रवाणीवर सुरू झाले, की सुझान लेंग्लेन हे नाव आपल्या घरांत पोहोचते. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानाला १९९७ पासून तिचे नाव आहे. महिला एकेरीचा करंडकही तिच्याच नावाचा. पण १९२६ मध्ये तिने जो वाद ओढवून घेतला, त्याची आठवण क्वचितच निघते. क्रीडा संघटनांच्या कारभाराची आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्या संदर्भात मला तो वाद तिच्या विजयांहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ चा, पॅरिसमधला. वडील शार्ल लेंग्लेन सुखवस्तू गृहस्थ. हिवाळ्यात कुटुंब नीसला जात असे. मुलीचे टेनिस त्यांनी स्वतः घडवले. मैदानावर रुमाल टाकायचा आणि चेंडू त्यावरच पडला पाहिजे असा आग्रह धरायचा, ही त्यांची पद्धत होती. स्त्रियांचा खेळ पाहून नव्हे, तर पुरुषांचा खेळ पाहून त्यांनी तिला शिकवले. १९१४ मध्ये पंधराव्या वर्षी ती सेंक्लू येथे क्ले कोर्टवरील जागतिक स्पर्धा जिंकली आणि दोनच महिन्यांत महायुद्धाने मैदाने बंद पाडली.

१९१९ मध्ये विम्बल्डन पुन्हा सुरू झाले, तेव्हा तिच्यासमोर होत्या सात वेळा विजेत्या ठरलेल्या, चाळिशीतल्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षकांत होते. चेंबर्स घोट्यापर्यंतच्या झग्यात खेळल्या; सुझानचा झगा पोटरीपर्यंतच होता आणि हात उघडे होते. दोन मॅच पॉइंट वाचवून ती १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. दमली की वडील कडेवरून ब्रँडीत भिजवलेल्या साखरेच्या वड्या फेकत, त्या तोंडात टाकून ती पुन्हा खेळू लागे. (आजच्या उत्तेजक चाचणीच्या अधिकाऱ्यांनी याचे काय केले असते, कोण जाणे!)

पुढची सात वर्षे जवळजवळ तिची एकटीचीच होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्ण तिने संपूर्ण स्पर्धेत केवळ चार गेम गमावून मिळवले. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीत तिने पाच गेम गमावले. विम्बल्डनची एकेरी ती सहा वेळा जिंकली. १९२१ मध्ये अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध आजारपणामुळे सामना अर्धवट सोडला, ही युद्धोत्तर काळातील तिची एकेरीतील एकमेव हार. गर्दी इतकी वाढली, की १९२२ मध्ये विम्बल्डनची स्पर्धा मोठ्या जागेत हलवण्यामागे तिचे आकर्षण हेही एक कारण मानले जाते.

या गर्दीच्या तिकिटांचे पैसे कोणाचे, हा प्रश्न मात्र नियमाने बंद करून टाकला होता. त्या काळी मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. खेळून पैसे घेतले की दारे बंद. पैसे घेण्याची मनाई खेळाडूला होती; तिकिटे विकण्याची मनाई क्लबला नव्हती. सुझानचे हातही पूर्णपणे कोरडे नव्हते, हे नोंदवले पाहिजे. नीसच्या क्लबसमोरचा व्हिला कुटुंबाला राहायला मिळाला होता आणि जाँ पातूसारख्या नामवंत वेशभूषाकाराचे कपडे तिच्या अंगावर असत. नियमाचा आदर आणि नियमाची पळवाट शेजारी शेजारी नांदत होत्या. आपण प्रशासनात राहिलेल्यांना हे दृश्य अपरिचित नाही.

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान येथे वीस वर्षांच्या हेलन विल्सशी तिचा सामना झाला. तिकिटे अवाच्या सवा दरांनी गेली. ज्यांना मिळाली नाहीत, ते झाडांवर आणि छपरांवर चढले. सुझानला मॅच पॉइंट असताना प्रेक्षकांतून चेंडू बाहेर गेल्याची ललकारी आली, दोघींनी हस्तांदोलन केले, फुलांचे गुच्छही आले. मग रेषापंचाने सांगितले, की चेंडू आतच होता आणि ललकारी त्याची नव्हे. सामना पुन्हा सुरू झाला. मन ढळावे असाच तो क्षण. तरी ती ६-३, ८-६ अशी जिंकली. एवढ्या कमाईत दोघींचा अधिकृत वाटा शून्य होता.

त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनमध्ये वेळापत्रकाचा घोळ झाला. ठरलेल्या वेळी ती आली नाही आणि राणी मेरी वाट पाहत बसल्या. निरोपांची गल्लत होती की खेळाडूचा हट्ट, यावर मतभेद आहेत. पण लोक आणि वृत्तपत्रे तिच्यावर उलटली आणि तिने स्पर्धेतून अंग काढून घेतले. ऑगस्टमध्ये तिने अमेरिकी प्रवर्तक चार्ल्स पाइलशी ५० हजार डॉलरचा करार केला. त्याच चमूतील ऑलिंपिक विजेता व्हिन्सेंट रिचर्ड्स याच्याहून तिचे मानधन जास्त होते! ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे १३ हजार लोकांसमोर दौरा सुरू झाला. मेरी ब्राउनशी झालेले ३८ सामने तिने एकही न गमावता जिंकले.

ऑल इंग्लंड क्लबने तिचे सदस्यत्व काढून घेतले. तिने आपली बाजू लिहून मांडली. आपल्या खेळावर इतरांनी कोट्यवधी फ्रँक मिळवले, आपण मात्र प्रवेशशुल्क भरत राहिलो आणि या व्यवस्थेत श्रीमंतांखेरीज कोणालाही अव्वल खेळ परवडणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा युक्तिवाद वेतनविषयक दस्तऐवजासारखा वाटतो. हौशीपणाला नैतिक मूल्याचे रूप दिले गेले होते; प्रत्यक्षात ते कमाईच्या वाटपाचे धोरण होते.

आपल्याकडेही हा पेच येऊन गेला. रामनाथन कृष्णन यांनी जॅक क्रेमर यांचा व्यावसायिक करार नाकारला. स्वीकारला असता तर डेव्हिस चषक त्यांना बंद झाला असता आणि १९६६ ची अंतिम लढत भारताला त्यांच्याविना गाठावी लागली असती. निर्णय त्यांचा होता. अशी निवड करायला लावणारा नियम संघटनांचा होता. सेवेत असताना परदेश दौऱ्यांच्या मंजुरीच्या फायली काही काळ माझ्याकडे येत. एका संघटनेच्या प्रस्तावात पदाधिकाऱ्यांच्या विमानतिकिटांचा तपशील चोख होता, खेळाडूंच्या प्रशिक्षकाचा रकाना कोरा. विचारणा केल्यावर उत्तर आले, की ती व्यवस्था खेळाडूंनी स्वतः करायची आहे. पंचवीस वर्षांत रक्कम वाढली आहे. रकान्यांचा क्रम किती बदलला, हे संबंधितांनी तपासावे.

सुझानने पुढे पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली. कारण पंडुरोग सांगितले गेले. विम्बल्डनने व्यावसायिकांना प्रवेश दिला तो १९६८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. त्या वर्षी पुरुष एकेरीच्या विजेत्याला २ हजार पौंड मिळाले आणि महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. ती रक्कम समान व्हायला २००७ उजाडले.